मुक्या पेटीतला शब्द

१

माझ्या कलावतीचं लग्न शके अठराशे चौदाच्या वैशाखात झालं. इंग्रजी साल ब्याण्णव. मांडव उतरून पाच दिवस झाले होते, माझ्या धोतराच्या काठावरची हळद अजून गेली नव्हती, आणि त्या सकाळी मानपाड्याच्या खाणीत गोविंदा भोईर मेला. म्हणून ते साल मला कोणाला विचारावं लागत नाही.

खाण गुरुदत्तराव टिपणिसांची. सुरुंग लावून डोंगर फोडायचा आणि खडी करून रेल्वेच्या कामाला द्यायची. डोंगरावर सुरुंगवाल्याची खोपी होती. पायथ्याला टिपणिसांचं कौलारू घर, आणि त्या घराची पुढची खोली म्हणजे कचेरी. खोपीपासून कचेरीपर्यंत पाऊण मैल तार ओढली होती आणि दोन्ही टोकांना एकेक टेलिफोन होता. गाव त्याला बोलकी पेटी म्हणे.

खोपीतून पायवाट दिसत नसे, म्हणून एक साधा नियम होता. सुरुंग भरून झाला की वरच्याने पेटीची मूठ फिरवायची. खाली घंटा वाजली की कारकुनाने ओसरीवर जाऊन पायवाट पाहायची आणि पेटीत सांगायचं, ‘वाट मोकळी’ नाहीतर ‘थांब’. ‘मोकळी’ ऐकल्याशिवाय वरच्याने वातीला काडी लावायची नाही.

त्या सकाळी सुरुंगवाल्या सहदेव भोईराने काडी लावली तेव्हा चिंचेच्या वळणावर त्याचाच धाकटा भाऊ चालत होता.

गुरुदत्तराव त्या दिवशी कल्याणात होते. डोंबिवली स्टेशनातून कारकुनाची लांबलचक तार आली तेव्हा ते थेट भाऊ आठल्यांकडे आले. भाऊ तारखात्यातून निवृत्त झालेले. त्या दोन्ही पेट्या त्यांनीच बसवल्या होत्या. मी त्यांच्या हाताखाली खांब रोवायचो, तारा ओढायचो.

“पेटी ठीक आहे एवढं फौजदाराला लिहून द्या,” गुरुदत्तराव गाडीत म्हणाले. “बाकी सगळं उघड आहे.”

“काय उघड आहे?”

“दोघा भावांचा बांधावरून तंटा होता. माझा कारकून दौलत सांगतो, त्याने पेटीत तीनदा ‘थांब’ म्हटलं. तरी सहदेवाने वात लावली. गाव याला खून म्हणतंय. फौजदार तिसऱ्या प्रहरी येतील आणि त्याला बेडी घालून नेतील.”

भाऊंनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. “आणि तुम्ही काय म्हणता?”

“मी?” गुरुदत्तराव खिडकीबाहेर पाहू लागले. “बारा वर्षं तो माझे सुरुंग उडवतोय. एक माणूस दुखावला नव्हता.”

२

चिंचेखाली गोविंदाला घोंगडीने झाकलं होतं. शेजारी त्याची बायको गंगुबाई बसली होती. रडून झालेलं होतं. तिच्या मांडीवर एक फडकं होतं, त्यात चार भाकऱ्या आणि सुक्या मासळीची चटणी.

“कोणाच्या गं भाकऱ्या?” भाऊंनी विचारलं.

“दोन त्याच्या न दोन माज्या दिराच्या.” तिने वर पाहिलं नाही. “परवाच बांध मिटला त्यांचा. पिंपलाखाली, सगल्यांसमोर. सकाली म्हनला, आज भाकर मीच नेतो, दोघं बसून खाऊ. मंग असा भाव भावाला मारील का, सायेब?”

आम्ही वर चढलो.

खोपीच्या दारात महिपत पाटील काठी आडवी धरून बसला होता. पंचनामा होईपर्यंत सहदेवाला जागेवरून हलवायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. आत सहदेव गुडघ्यात डोकं घालून बसलेला.

“विचारा, विचारा,” पाटील म्हणाला, “पन मोठ्यानं. त्याचं कान सुरुंगानं निम्मं गेलंय.”

भाऊ त्याच्यासमोर जमिनीवर बसले. “सहदेवा, खालून तुला काय ऐकू आलं? जसंच्या तसं सांग.”

“मोकली. वाट मोकली. हेच आयकला मी.”

“आवाज दौलतरावांचा?”

सहदेवाने मान हलवली. “काय सांगू भाऊ. लय बारीक. मडक्यात तोंड घालून बोलल्यावानी. महिना झाला, दौलतरावांचा आवाज रोज खाली खाली चालला व्हता. मी बोललो त्यांना, पेटी बगा. त हसले. म्हनले, पेटी बरी हाय, तुजं कान बग. पन आजचा आवाज येगलाच व्हता. मी इचारला, कोन? दौलतराव हाव का? दोनदा इचारला. जबाब नाय. नुस्ता परत परत तेच, मोकली, मोकली.”

“बघा!” पाटील म्हणाला. “विचारलं तर उत्तर नाय, आन आवाज म्हनं येतोय. भुताचा आला काय रे?”

“थट्टा नको, पाटील,” सहदेव हळू म्हणाला. “माजा भाव खाली पडलाय.”

भाऊ उठले आणि पेटीखालचं लहान कपाट उघडलं. आत पेटीला वीज देणारी काचेची बरणी होती. तिच्यात नवसागराचं पाणी, मधे जस्ताची कांडी. बरणीच्या काठाला नवसागराची पांढरी पापडी धरली होती. त्यांनी पापडीवर बोट फिरवलं, मान हलवली आणि कपाट लावलं.

“इकडची बरणी उत्तम आहे,” ते मला म्हणाले. “चल, खालची पाहू.”

३

कचेरीत दौलतरावांनी आमचं चांगलं आगतस्वागत केलं. ते मागच्या खोपटात बिऱ्हाड करून राहत. तिथून त्यांनी पितळी पातेल्यातून ताक आणून दिलं. पातेलं आतून चांदीसारखं लखलखत होतं.

“नवी कल्हई वाटतं?” भाऊ म्हणाले.

“हो, गेल्या महिन्यात कल्हईवाला आला होता.”

उकाडा असह्य होता. गुरुदत्तरावांनी घरात शिरताच पगडी काढून ठेवली. दौलतरावांची मात्र कपाळापर्यंत ओढलेली होती आणि तिच्याखालून घाम गळत होता.

घरात त्या दिवशी बायकांपैकी एकट्या रखमाबाई होत्या, गुरुदत्तरावांच्या विधवा आत्या. मालकीणबाई मुलांना घेऊन माहेरी गेल्या होत्या. रखमाबाईंना त्या घरात पंचवीस वर्षं झाली होती, पण परक्या पुरुषांचा वावर म्हणून घर आणि कचेरी यांच्यामधल्या दाराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. मधलं दार किलकिलं होतं, त्यामागून कोणीतरी सरकलं. बांगड्या वाजल्या नाहीत.

“सकाळी तुम्ही इथेच होतात?” भाऊंनी विचारलं.

“हा काय इथे, या खुर्चीवर. घंटा वाजली, मी ओसरीवरून पाहिलं, गोविंदा वळणावर दिसला. परत आलो आणि ओरडून सांगितलं, थांब, थांब, थांब. वरून काही उत्तरच नाही. मग धडाका झाला.”

भाऊंनी भिंतीवरच्या पेटीखालचं कपाट उघडलं. बरणी भरलेली होती, पाणी नितळ होतं, काठ स्वच्छ होता. पापडीचा कणसुद्धा नाही. त्यांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

“गोडं पाणी,” ते म्हणाले. “नवसागर कुठे गेला, दौलतराव? दर महिन्याची पुडी गुरुदत्तराव तुमच्याच हाती देतात ना?”

दौलतराव पातेल्याकडे पाहू लागले. आता मलाही कळलं. कल्हई करायला नवसागर लागतो. महिन्याची पुडी कल्हईवाल्याला गेली होती, आणि बरणीतलं पाणी आटलं तसं वरून विहिरीचं पाणी पडत गेलं होतं.

“याचा अर्थ काय?” गुरुदत्तरावांनी विचारलं.

भाऊंनी पेटीचं झाकण काढलं. आत लाकडाच्या दांडीवर रेशमाने मढवलेली तार गुंडाळली होती.

“या एका दांडीवर दोन तारा आहेत. आतली जाड, ती बोलण्याची. या कर्ण्यात बोललेलं तिच्यातून जातं, आणि तिला बरणीचा जोर लागतो. बाहेरची बारीक, ती डोंगरावर जाते आणि तिच्यावरच ही कानाची नळी आहे. तिला बरणी लागत नाही. दोघींच्या मधे रेशीम. या तारेचा त्या तारेला स्पर्श नाही. सोवळ्यातली बाई कोणाला शिवत नाही, पण तिचा शब्द घरभर चालतो ना? तसा आतल्या तारेचा जोर बाहेरचीला न शिवता पोचतो.”

“आणि बरणीत पाणी असलं तर?”

“तर इथल्याला वरचं सगळं ऐकू येईल, घंटाही वाजेल, कारण घंटा मुठीच्या जोरावर चालते. पण इथल्याने कर्ण्यात कितीही ओरडलं तरी वर काही जाणार नाही.”

गुरुदत्तरावांचा चेहरा उतरला. “मग तर संपलंच, भाऊ. वर ‘थांब’ गेलं नाही तसं ‘मोकळी’सुद्धा गेलं नाही. सहदेव खोटं बोलतोय. काही न ऐकता त्याने वात लावली.”

भाऊंनी दांडीवरच्या तारेवरून बोट फिरवलं.

“हो,” ते म्हणाले. “आतापर्यंत तरी तसंच दिसतंय.”

४

मी आपला माझ्या कामाला लागलो. पेटी उघडली की पुसून ठेवायची, ही माझी सवय. कानाची नळी आकड्यावरून काढली, फडकं लावणार तोच भाऊंनी माझं मनगट धरलं.

“पुसू नकोस. हे काय आहे?”

नळीच्या गोल तोंडाला काळपट डाग होता. बोटभर, ओठासारखा वाकलेला. मी हुंगून पाहिलं. जळलेल्या तंबाखूचा वास.

“मिश्री आहे, भाऊ,” मी म्हणालो. “माझ्या घरीही लावतात. सकाळी दात घासले की ओठाला राहतेच.”

“कानाच्या नळीला मिश्री,” भाऊ म्हणाले. “कानाला मिश्री कोण लावतं रे, नाथा?”

त्यांनी नळी दौलतरावांपुढे धरली.

“सकाळी कशी धरली होतीत ते दाखवा. डाग वाचवून.”

दौलतरावांनी नळी कानाशी नेली. पगडी आड आली.

“पगडी वर घ्या.”

“असू दे, अशीच...”

“दौलत, पगडी काढ,” गुरुदत्तराव म्हणाले.

पगडी निघाली. डोक्याची उजवी बाजू गुळगुळीत तासलेली होती आणि डाव्या बाजूला पंधरा दिवसांचे खुंट तसेच होते. मानेवर, कानामागे बारीक केस चिकटलेले. कोणी हसलं नाही.

“या घरात हजामत झाल्यावर आंघोळीशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही, एवढं मलाही ठाऊक आहे,” भाऊ म्हणाले. “तुम्ही अर्धवट उठून धावलात आणि तसेच आत आलात. न्हाव्याने उरलेली अर्धी का नाही केली?”

दौलतराव खुर्चीवर बसले. “गावात प्रेत पडलं म्हणून त्याने वस्तरा धोपटीत टाकला. म्हणाला, आता हत्यार चालवायचं नाही.”

“म्हणजे घंटा वाजली तेव्हा तुम्ही इथे नव्हतात.”

“विहिरीपाशी होतो. घंटा ऐकू आली. म्हटलं, वाजू दे, जरा थांबेल तो. रोजच थोडा थांबतो. मग धडाका...” त्यांनी तोंडावर हात घेतला. “पेटी तशीही चार दिवस मेलेलीच आहे. मी ओसरीवरून फडकं दाखवून भागवत होतो. सहदेवाला वाटायचं, कानच गेले, म्हणून तोही फडकं पाहायचा.”

“आणि आज फडकं नव्हतं, तेव्हा त्याने नळी कानाला लावली. इथली नळी उचलून कोण बोललं?”

“कोणी नाही. कोण बोलणार?” पण बोलताना त्यांची नजर मधल्या दाराकडे गेली आणि झटकन परत आली.

गुरुदत्तरावांनी ती नजर पाहिली. ते दाराकडे निघाले, तर भाऊंनी त्यांना हाताने अडवलं आणि मोठ्या आवाजात, जणू बहिऱ्याला सांगावं तसं, बोलायला सुरुवात केली.

“राव, एक गोष्ट माझी सांगायची राहिली. या पेटीचं तोंड मुकं आहे. कान मुका आहे असं मी म्हणालो नाही. कानाची नळी थेट बाहेरच्या तारेवर आहे. कोणी चुकून नळीलाच तोंड लावून बोललं, तर शब्द वर जातो. बारीक जातो, मडक्यातून आल्यासारखा, पण जातो. मात्र बोलणाऱ्याचा कान मोकळा राहतो. वरून कोणी ‘कोण?’ विचारलं तर त्याला ते कळत नाही.”

दाराआड काही हललं नाही.

“अशी चूक कोण करील? ज्याने पेटी कधी हातात घेतली नाही तो. लांबून, पाठीमागून, दाराच्या फटीतून एवढंच पाहिलंय की माणूस हातात नळी धरतो आणि बोलतो. नाथा, तू वर जा. सहदेवाशेजारी नळी धरून बस. पाटलाला साक्षीला घे. आधी दौलतराव कर्ण्यात बोलतील, मग मी नळीत बोलेन. माझं ऐकू आलं तर मूठ फिरव.”

मी निघालो. ओसरी उतरताना भाऊंचा आवाज पुन्हा आला, आता हळू.

“सकाळी इथून जो शब्द गेला त्यात खोटं काही नसेल. पण तो कोणाचा ते कळलं नाही तर आज संध्याकाळी सहदेवाला बेडी पडेल.”

५

मी चढत होतो तेव्हा डोंबिवलीच्या बाजूला धुळीचा लोट दिसला. फौजदाराचा टांगा असावा. मी पाय उचलले.

खोपीत जाऊन नळी कानाला लावली. काहीच नाही. फक्त तारेवरून वारा गेल्यासारखी सूं. दौलतराव बोलत असावेत. पाटील म्हणाला, “काय?” मी मान हलवली.

मग लांबून, फार लांबून आवाज आला. “नाथा. नाथा. मी भाऊ.”

मी मूठ गरागरा फिरवली.

“आला?” सहदेव उठून उभा राहिला. “असाच व्हता! मडक्यातला! असाच!”

“गप,” पाटील म्हणाला, पण काठी त्याने भिंतीला टेकवली.

नंतर कितीतरी वेळ काही नाही. मी नळी धरून बसलो. खाली घरात काय चाललं होतं ते मला पुढे भाऊंनी सांगितलं. मधलं दार उघडलं. रखमाबाई डोक्यावरचा लाल आलवणाचा पदर सावरत उंबऱ्यापाशी आल्या आणि थांबल्या. गुरुदत्तराव म्हणाले, “आत्या, तुम्ही आत जा.” त्या म्हणाल्या, “पुष्कळ राहिले रे आत.” मग उंबरा ओलांडून त्या पेटीशी गेल्या, भाऊंच्या हातातली नळी घेतली आणि दोन्ही हातांनी तोंडाशी धरली. कोणी सांगितलं नव्हतं.

मला ऐकू आलं ते असं.

“सहदेवा. मी रखमा बोलतेय, टिपणिसांच्या घरची. सकाळी मीच बोलले. घंटा वाजतच राहिली. दौलत नव्हता. मला वाटलं, काम खोळंबलं असेल. मागच्या खिडकीतून पायवाट पाहिली, कोणी नव्हतं. म्हणून मोकळी म्हटलं. त्या खिडकीतून चिंचेचं वळण दिसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी ओसरी कधी पाहिलीच नाही रे. दौलत म्हणाला, पेटी मेलेली आहे, तुमचा शब्द वर गेलाच नाही, गप्प राहा. मी ते खरं धरलं. मला ते खरं हवं होतं.”

मी नळी पाटलाच्या कानाला लावली. ऐकू आलं की नाही हे बाईंना कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्या पहिल्यापासून पुन्हा सांगत होत्या. पाटलाने तोंड उघडं टाकून ऐकलं. मग त्याने आपल्या हाताने नळी सहदेवाला दिली.

सहदेवाने ती बऱ्या कानाला घट्ट दाबली. तिसऱ्यांदा तेच शब्द आले असतील. त्याचे ओठ हलत होते.

“आत्याबाई,” तो कर्ण्यात म्हणाला. “आत्याबाई, आयकताव का?”

“त्यांना नाही ऐकू येणार,” मी म्हणालो. “नळी तोंडाशी आहे.”

तरी तो थांबला नाही. “माजा भाव भाकर घेऊन येत व्हता, आत्याबाई. तुमी दिसला तेच सांगितला. मी आयकला तेच केला.” एवढं बोलून तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला, तिच्यासारखाच. खाली भाऊंना शंका आली असावी. त्यांनी रखमाबाईंच्या हातातली नळी हलकेच फिरवली आणि त्यांच्या कानाशी नेली. त्या उभ्या राहून ऐकत होत्या, तेवढ्यात ओसरीवर फौजदाराचे बूट वाजले.

फौजदाराने आमच्या सगळ्यांचे जबाब घेतले. पाटलाने आपला अंगठा उठवला, मीही उठवला, तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. अपघात अशी नोंद झाली. सहदेवाला बेडी पडली नाही. दौलतरावांनी त्याच दिवशी बिऱ्हाड हलवलं. कचेरीचं मधलं दार गुरुदत्तरावांनी पुढे बिजागरीतून काढून टाकलं, आणि मागच्या खिडकीतून पाहताना वळणाच्या आड येणारी चिंच तोडायला माणसं धाडली, पण गंगुबाईने ती तोडू दिली नाही.

सहदेवाने पुन्हा सुरुंगाला हात लावला नाही. दोघा भावांचं शेत त्याने एकट्याने केलं आणि गोविंदाच्या मुलाला वाढवलं. तो शके अठराशे चाळीसच्या पावसाळ्यात तापाने गेला. रखमाबाई त्याआधी, शके अठराशे सतराच्या कार्तिकात, झोपेत गेल्या. गोविंदा भोईर शके अठराशे चौदाच्या वैशाख वद्य पंचमीला, सकाळी, चिंचेच्या वळणावर डोक्यात दगड लागून मेला. तो चोवीस वर्षांचा होता.